ब्रेक लावताच मालमोटार एका बाजूस का ओढते?

बेळगावकडील भाजी गोव्याच्या बाजारात येते ती घाट उतरून. इंदूरहून धामणोदकडे निघालेला मालही नर्मदेच्या खोऱ्यात पोहोचण्यापूर्वी विंध्याचा उतार उतरतो. या रस्त्यांवरून रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारींचा विचार सामान्य मनुष्य सहसा करीत नाही. दुकानात माल वेळेवर आला म्हणजे त्याचे काम झाले. परंतु तो माल सुखरूप येतो, याचे बरेचसे श्रेय चाकांच्या आत दडलेल्या काही साध्या भागांना आणि त्यांची निगा राखणाऱ्या हातांना असते. हे भाग बिघडू लागले की आरंभी एक खूण देतात. ती खूण ओळखणे हे चालक, मालक आणि मिस्त्री या तिघांचेही कर्तव्य होय.

असा एक प्रसंग कल्पनेपुढे आणावा. भरलेली मालमोटार उतारावरून खाली येत आहे. वळणावर अकस्मात एक म्हैस आडवी येते. चालक ब्रेकवर पाय देतो. गाडीचा वेग कमी होतो खरा, परंतु तिचे तोंड आपोआप उजवीकडे वळू लागते. आणि उजवीकडून तर समोरची बस चढण चढून येत असते. चालक स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सावरतो, म्हैस निघून जाते, बसही निघून जाते. प्रसंग टळतो, पण दोष तसाच राहतो. पुढच्या खेपेस रस्ता ओला असेल, वेग थोडा अधिक असेल, किंवा चालकाचे हात थकलेले असतील.

ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढू लागली की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की ज्या बाजूस गाडी ओढते त्या बाजूच्या चाकात काही बिघाड असावा. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. दोन बैलांच्या गाडीत एक बैल मागे राहिला तर गाडी त्याच्याच अंगाला वळते, हे खेड्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. ब्रेकचेही तसेच आहे. ज्या बाजूचे चाक अधिक जोराने रोखले जाते ती बाजू मागे राहते, दुसरी बाजू पुढे सरकते, आणि गाडीचे तोंड रोखलेल्या चाकाकडे वळते. गाडी उजवीकडे ओढत असेल तर उजवा ब्रेक आपले काम करीत असतो आणि डावा ब्रेक कामचुकारपणा करीत असतो. रोगी बहुधा डावीकडे असतो. तक्रार मात्र उजवीकडून ऐकू येते.

हे नीट समजण्यासाठी ब्रेकची रचना थोडक्यात पाहावयास हवी. जड मालमोटारीत ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. ही कल्पना प्रथम आगगाडीत रुजली. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये तिचे पेटंट मिळविले. मालमोटारीत इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. चालकाने पेडल दाबले की ही हवा नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळील एका गोल डब्यात शिरते. गॅरेजात या डब्याला बूस्टर म्हणण्याचा प्रघात आहे. डब्यातील रबरी पडदा हवेने फुगतो आणि एक दांडी बाहेर ढकलतो. ती दांडी स्लॅक ॲडजस्टर नावाच्या लहानशा दांड्याला फिरविते. तो दांडा इंग्रजी एस् अक्षराच्या आकाराचा कॅम फिरवितो. कॅम दोन शूंना एकमेकांपासून दूर सारतो. आणि शूंवर बसविलेले लायनर फिरत्या ड्रमच्या आतील अंगावर घासू लागतात. या घर्षणाने चाक मंदावते.

दिसावयास ही रचना साधी असली तरी तीत वावरणारे जोर लहान नसतात. पडद्याचे क्षेत्रफळ २४ चौरस इंच आणि हवेचा दाब दर चौरस इंचास ६० पौंड धरला, तर दांडीवर १,४४० पौंड, म्हणजे सुमारे ६५० किलो, इतका जोर पडतो. या साखळीतील एखादा दुवा एका बाजूस अडला, झिजला किंवा तेलकट झाला की दोन्ही बाजूंत मोठी तफावत पडते. समजा, पुढच्या उजव्या चाकावर १,००० किलोंचा अवरोध उत्पन्न होत आहे आणि डाव्यावर केवळ ६०० किलोंचा. मधला ४०० किलोंचा फरक गाडीला रोखतो खरा, पण त्याचबरोबर तिला वळवितोही. पुढची चाके वळती असल्यामुळे हा फरक स्टिअरिंगलाही हिसका देतो. म्हणूनच पुढच्या चाकांतील असमानता चालकाला सर्वांत आधी जाणवते.

मिस्त्रीने हत्यार हाती घेण्यापूर्वी चालकाला चार प्रश्न विचारावेत. निम्मे निदान त्यातच होते.

पहिला प्रश्न असा : ब्रेक न लावताही गाडी ओढते काय? ओढत असेल तर दोष केवळ ब्रेकमध्ये शोधू नये. एका टायरातील हवा कमी असणे, दोन टायरांची झीज वेगवेगळी असणे, पाटा तुटणे, माल एका अंगाला अधिक भरलेला असणे, किंवा चाकांची दिशा बिघडणे, अशी कारणे संभवतात. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता ठेवलेला असतो. त्यामुळे गाडी किंचित डावीकडे झुकली तर तो गाडीचा दोष मानू नये. परंतु एखादा ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नसेल तर गाडी त्याच बाजूस ओढत राहते. दोष ओढीच्याच बाजूस असण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा प्रश्न : ओढ प्रथम क्षणी लागून मग गाडी सरळ होते, की शेवटपर्यंत ओढतच राहते? प्रथम क्षणीच ओढत असेल तर एका बाजूचा ब्रेक उशिरा लागतो असे समजावे. हवेची नळी आतून सुजून अरुंद झालेली असेल, कॅम आपल्या बुशात जखडला असेल, किंवा त्या बाजूस लायनर आणि ड्रम यांमधील अंतर वाढले असेल. शेवटपर्यंत ओढत असेल तर एका बाजूचा जोरच कमी आहे. अशा वेळी तेलकट किंवा गुळगुळीत झालेले लायनर आणि फाटलेला पडदा यांकडे लक्ष द्यावे.

तिसरा प्रश्न : गाडी नेहमी एकाच बाजूस ओढते, की कधी डावीकडे आणि कधी उजवीकडे? बाजू बदलत असेल तर पुढच्या आसाच्या बांधणीत ढिलेपणा असण्याचा संभव अधिक. किंगपिन झिजलेली असते, पाटे आणि आस यांना जखडणारे यू-बोल्ट सैल झालेले असतात, किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून आस जागचा सरकलेला असतो. ब्रेक कितीही नीट केले तरी अशी गाडी सरळ थांबत नाही.

चौथा प्रश्न घाटातील चालकांसाठी विशेष महत्त्वाचा : गाडी थंड असताना सरळ थांबते आणि ब्रेक तापल्यावर ओढू लागते काय? ड्रम तापला की फुगतो. लायनर आणि ड्रम यांतील अंतर त्यामुळे वाढते आणि दांडीला अधिक बाहेर यावे लागते. ज्या बाजूची दांडी आधीच आपल्या मर्यादेजवळ पोहोचलेली असते, तिची धाव अशा वेळी अपुरी पडते. सपाट रस्त्यावर निर्दोष वाटलेली गाडी अर्ध्या घाटात ओढू लागते ती यामुळे.

ही उष्णता किती असते? सोळा टनांची मालमोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिला पूर्ण थांबविताना निर्माण होणारी उष्णता सुमारे सात लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी असते. हीच गाडी केवळ ब्रेकच्या बळावर ३०० मीटर उंचीचा घाट उतरली तर त्याच्या सुमारे एकवीसपट उष्णता ब्रेकना सोसावी लागते. म्हणून जाणता चालक उतारास लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो आणि वेग आवरण्याचे काम इंजिनाकडे सोपवितो. समोरचा एक ब्रेक आळशी असेल तर त्याच्या वाट्याची उष्णता उरलेल्या ब्रेकांवर पडते. आणि जो सशक्त असतो तोच तापून निकामी होण्याचा धोका उत्पन्न होतो.

प्रश्न संपल्यावर तपासणीस लागावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. चाक उचलले तर गाडीचा भार केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. त्याखाली भक्कम घोडी द्यावी. प्रथम टायरांतील हवा, पाटे आणि यू-बोल्ट पाहावेत. मग टाक्यांत हवा भरून इंजिन बंद करावे. एकाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक डब्याजवळ व नळीजवळ कान द्यावा. हवा गळत असल्यास तिचा फुसफुसाट ऐकू येतो. शंका असेल तेथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात.

त्यानंतर दांडीची धाव मोजावी. ब्रेक सुटलेला असताना दांडीवर खडूने खूण करावी, ब्रेक पूर्ण दाबल्यावर ती खूण किती पुढे आली हे पट्टीने मोजावे, आणि दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी लिहावेत. निर्मात्याने पुस्तिकेत दिलेली मर्यादा एखाद्या बाजूने ओलांडली असेल, किंवा दोन्ही आकड्यांत ठळक फरक असेल, तर दोषाची दिशा सापडली. याच वेळी दोन्ही डबे एकाच मापाचे आहेत ना, हेही पाहावे. घाईच्या दुरुस्तीत एका बाजूस लहान व दुसऱ्या बाजूस मोठा डबा बसविला गेला असेल तर दोन्हीकडे हवा सारखी पोहोचूनही जोर सारखा पडत नाही.

आणखी एक उपयुक्त परीक्षा उष्णतेची. थोडे अंतर गाडी चालवून पाच-सहा वेळा बेताने ब्रेक लावावा आणि लगेच दोन्ही ड्रमांचे तापमान पडताळावे. लांबूनच उष्णता मोजणारे लहान तापमापक आता सहज मिळते; ते नसेल तर तळहात ड्रमच्या जवळ न्यावा, ड्रमला लावू मात्र नये. दोहोंपैकी जो ड्रम थंड असेल तो काम करीत नाही. दोन्ही नेहमीसारखे गरम असून एकच अतिशय तापलेला असेल तर तो ब्रेक सुटत नसावा.

शेवटी ड्रम उतरवावेत, आणि एका बाजूचाच नव्हे तर दोन्ही बाजूंचे उतरवावेत, म्हणजे तुलना करता येते. लायनर काळे आणि ओशट दिसले तर हबच्या सीलमधून ग्रीस किंवा तेल आत येत आहे हे निश्चित. काही ठिकाणी असे लायनर पेट्रोलने धुऊन, किंवा आगीवर धरून, पुन्हा बसविण्याची चाल आहे. ती सर्वथा त्याज्य होय. तेल लायनरच्या अंगात मुरलेले असते. ब्रेक तापला की ते पुन्हा पृष्ठभागावर येते. सील बदलावे आणि लायनर टाकून द्यावेत. नवे लायनर बसविताना ते त्या आसाच्या दोन्ही चाकांना, एकाच वेळी आणि एकाच जातीचे बसवावेत. एका बाजूस जुने व दुसऱ्या बाजूस नवे, किंवा दोन्हीकडे दोन निरनिराळ्या प्रतींचे लायनर असतील, तर त्यांची पकड भिन्न असते आणि ओढ कायम राहते. ड्रमवर खोल चरे पडले असतील तर तो लेथवर फिरवून घ्यावा. परंतु निर्मात्याने ठरविलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला किंवा तडा गेलेला ड्रम बदलण्यावाचून गत्यंतर नाही. कॅमची बुशे, शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा आणि कॅमची मोकळी हालचाल हेही याच वेळी पाहावे.

या कामात दोन धोके विशेष ध्यानात ठेवावयास हवेत. मागच्या चाकांवरील डब्यांत पार्किंग ब्रेकसाठी अत्यंत जोरकस स्प्रिंग दाबून बसविलेली असते. ती आधी बोल्टाने जखडून न घेता डबा उघडला तर स्प्रिंग गोळीसारखी उसळते आणि समोरच्या माणसाचा प्राण घेऊ शकते. दुसरा धोका धुळीचा. पूर्वीच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेल्याने वर्षानुवर्षांनंतर असाध्य रोग उद्भवतात. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून काढावी.

इतके सर्व करण्यास वेळ लागतो, पैसा लागतो. आणि येथेच मोहाचा प्रसंग येतो. माल खोळंबलेला असतो, मालकाला घाई असते. अशा वेळी एखादा तरुण कारागीर म्हणतो, "मालक, उजवा ब्रेक थोडा ढिला करतो, ओढायची थांबेल गाडी." त्याचे म्हणणे खोटे नसते. उजवा ब्रेक ढिला केला की गाडी खरोखरच सरळ थांबू लागते. चालक समाधान पावतो, पैसेही थोडे लागतात. परंतु गॅरेजात एखादे जुने माणूस असले तर ते म्हणते, "अरे, आजारी डावा आहे. धडधाकट माणसाला खाली बसवून आजारी उठतो होय?"

या प्रश्नात सगळे तत्त्व सामावलेले आहे. मघाच्या उदाहरणात उजवीकडे १,००० आणि डावीकडे ६०० असा अवरोध होता; दोन्ही मिळून १,६००. उजवा ब्रेक ढिला करून तोही ६०० वर आणला की फरक नाहीसा झाला, ओढ गेली. पण बेरीज १,२०० वर आली. पुढच्या चाकांची रोखण्याची शक्ती चौथ्या हिश्श्याने घटली, आणि ती घटली आहे हे सांगणारी खूणही पुसली गेली. पूर्वीची गाडी वाकडी थांबत होती, परंतु आपला रोग बोलून दाखवीत होती. आताची गाडी सरळ जाते, पण उशिरा थांबते. आणि हे चालकाला कळते ते बहुधा म्हैस आडवी आल्यावरच. दुरुस्ती याचा अर्थ दुर्बळ बाजूला सबळ बाजूच्या बरोबरीस आणणे. सबळ बाजूला दुर्बळ करणे ही दुरुस्ती नव्हे, ती केवळ तक्रारीची समजूत घालणे होय.

नव्या गाड्यांतील सोयींमुळेही अशीच फसगत होऊ शकते. पॉवर स्टिअरिंगमुळे चाक हलके फिरते, हे खरे. परंतु त्यामुळेच सौम्य ओढ चालकाच्या हाताला जाणवत नाही. चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा घसरण टाळण्यास साहाय्य करते, परंतु तेलात भिजलेल्या लायनरला ती पकड देऊ शकत नाही. आपोआप अंतर जुळवून घेणारे स्लॅक ॲडजस्टरही बिघडतात. आणि त्यांना वारंवार हाताने आवळावे लागत असेल तर मूळ दोष अन्यत्र आहे असे समजावे. याउलट, रोलरवर चाके फिरवून प्रत्येक चाकाचा अवरोध वेगवेगळा मोजणारे यंत्र खरी स्थिती उघड करते. ब्रिटनमधील वाहनतपासणीच्या नियमांनुसार एकाच आसावरील दोन चाकांच्या अवरोधात तीस टक्क्यांहून अधिक फरक आढळला तर वाहन नापास ठरते. वरील उदाहरणातील फरक चाळीस टक्के आहे. असे यंत्र केवळ फरकच दाखवीत नाही, तर प्रत्येक बाजूचा आकडाही दाखविते. त्यामुळे ढिला करून साधलेली समानता त्याच्यापुढे लपत नाही.

दुरुस्तीनंतरची परीक्षाही क्रमाने घ्यावी. रिकामा, कोरडा आणि सपाट रस्ता निवडावा. प्रथम ताशी २० किलोमीटर वेगाने जाऊन हलका ब्रेक लावावा, मग थोडा जोराने. ते समाधानकारक वाटले तरच ४० पर्यंत जावे. स्टिअरिंगवरील हात सैल ठेवावेत, पण सोडू नयेत. गाडी सरळ थांबली एवढ्यावर संतोष न मानता ती किती अंतरात थांबली हेही पाहावे. पहिला प्रश्न दिशेचा, दुसरा अंतराचा. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तरच काम पुरे झाले.

आणि वाटेतच ओढ जाणवली तर? चालकाने वेग कमी करावा, पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे, आणि घाट समोर असेल तर तो उतरण्याचे धाडस करू नये. माथ्यावर थांबून मिस्त्रीला बोलाविण्यात दोन-चार तास जातात, भाजी थोडी कोमेजते, व्यापारी चार शब्द बोलतो. हा तोटा भरून निघण्याजोगा आहे. मालकानेही चालकाने थांबविलेल्या गाडीचा जाब विचारण्यापूर्वी तिचा डावा आणि उजवा ड्रम उघडून पाहावा.